सेरामाइड यादीत कितव्या नंबरावर आहे?

प्रश्न : माझी त्वचा फार कोरडी आहे. नडग्यांवर पांढरे पापुद्रे सुटतात, हातावर नखाने ओढलं तर रेघ उमटते. इतकी वर्षं एक साधं, बिनवासाचं क्रीम लावत होते. त्यात पॅराबेन आणि मिनरल ऑइल आहे असं कळलं म्हणून ते बंद केलं आणि ‘सेरामाइड, हायलुरोनिक ॲसिड व वनस्पतींचे अर्क’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नवं क्रीम आणलं. वास छान आहे. पण लावलं की पाचेक मिनिटं गाल चुरचुरतात आणि आठवडाभरापासून पापण्यांना खाज सुटते. चेहरा, हात, पाय सगळीकडे हेच लावते. नडग्या होत्या तशाच आहेत. ५० ग्रॅमची डबी दोन महिन्यांत निम्मीही संपलेली नाही, तेवढं मात्र बरं. दोन्ही डब्यांवरच्या घटकांच्या याद्या उतरवून पाठवते आहे. जुनं क्रीम खरंच वाईट होतं का? आणि नव्याचं काय करू?

नवं : पाणी, ग्लिसरीन, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, सीटेअरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टिअरेट, पीईजी-१०० स्टिअरेट, फेनॉक्सिइथेनॉल, परफ्युम, कार्बोमर, लॅव्हेंडर तेल, कोरफडीचा अर्क, सोडियम हायलुरोनेट, सेरामाइड एनपी, टोकोफेरॉल, लिनालूल, लिमोनीन.

जुनं : पाणी, पेट्रोलेटम, ग्लिसरीन, मिनरल ऑइल, सीटेअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, ग्लिसरिल स्टिअरेट, पीईजी-१०० स्टिअरेट, मिथिलपॅराबेन, कार्बोमर, प्रोपिलपॅराबेन, डायसोडियम ईडीटीए, सोडियम हायड्रॉक्साइड.

उत्तर : आधी तातडीचं. नवं क्रीम आजपासून पूर्ण बंद करा, फक्त चेहऱ्यावरचं नव्हे, हातापायांवरचंही. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ. त्यामुळे ॲलर्जी गालावर किंवा हातावर लावलेल्या वस्तूची असली तरी खाज पुष्कळदा आधी पापणीवर उठते, कारण तीच बोटं दिवसभर डोळ्यांना लागत असतात. काही दिवस चेहरा कोमट पाण्याने धुवा आणि पापण्यांवर बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. घरात पडून असलेली स्टिरॉइडची ट्यूब मनाने पापणीला लावू नका. सूज आली, पाणी सुटू लागलं किंवा डोळा लाल झाला, तर सरळ डॉक्टरांकडे जा.

आता याद्या. त्या उतरवून पाठवल्यात हे फार बरं केलंत, डबीच्या दर्शनी बाजूवरून काहीच सांगता आलं नसतं.

बहुतेक देशांत नियम असा आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. पण १ टक्क्याच्या खालचे घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. या १ टक्क्यापाशी कुठलीही रेघ छापलेली नसते, ती आपणच ओढायची. ती ओढायला काही खुणेची नावं उपयोगी पडतात. फेनॉक्सिइथेनॉल हा क्रीम टिकवणारा घटक युरोपीय संघात जास्तीत जास्त १ टक्का वापरता येतो. मिथिलपॅराबेन या दुसऱ्या टिकवणाऱ्या घटकाची तिथली मर्यादा ०.४ टक्के. कार्बोमर, झँथन गम, डायसोडियम ईडीटीए, टोकोफेरॉल हेही सहसा १ टक्क्याच्या आतच घालतात. यांतलं पहिलं नाव जिथे भेटेल तिथे पेन्सिलने रेघ मारा. तिच्या खालचं सगळं १ टक्क्याच्या आतलं समजायचं. तिच्या लगेच वरचं एखादं नावही आतलं असू शकतं, पण एवढा अंदाज कामाला पुरतो.

तुमच्या नव्या क्रीममध्ये ही रेघ सातव्या नावावर, फेनॉक्सिइथेनॉलपाशी पडते. कोरफड, हायलुरोनेट (हायलुरोनिक ॲसिडचंच रूप) आणि सेरामाइड, म्हणजे ज्या तीन गोष्टींसाठी तुम्ही ते आणलंत त्या तिन्ही रेघेखाली. सेरामाइड तर सोळांत तेरावं. परफ्युम आठवं आहे म्हणून ते सेरामाइडपेक्षा जास्तच असेल असं मात्र छातीठोक म्हणता येत नाही, कारण रेघेखाली क्रमाला अर्थ राहत नाही. तरीही इथे नावं पुढेमागे करायची मोकळीक असते आणि मिरवायचा घटक पुढे आणायला कोणी सहसा चुकत नाही. तो तेराव्या जागी राहू दिलाय, यावरून काय ते ओळखा.

पण रेघेखालचं सगळं निरुपयोगी असंही नाही, आणि याद्या वाचायला नुकतंच शिकलेले लोक नेमके इथे घसरतात. प्रत्येक घटकाला काम करायला लागणारं प्रमाण वेगळं असतं. सोडियम हायलुरोनेट ०.१ टक्क्याच्या आसपासही पुरतं. जास्त घातलं तर क्रीम ओढल्यावर तार धरू लागतं. त्यामुळे ते खाली दिसणं स्वाभाविक आहे. नियासिनामाइडला (ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप) साधारण २ ते ५ टक्के लागतात, ते रेघेखाली दिसलं तर नुसतं नावापुरतं आहे. युरिया कोरडेपणासाठी ५ ते १० टक्के हवा, १० च्या वर तो साल सोडवू लागतो आणि टाचांच्या कडक कातडीसाठी तर ४० टक्क्यांपर्यंत वापरतात. ग्लिसरीन ३ ते १० टक्के असावं, आणि ते दोन्ही क्रीममध्ये वरच्या तिनांत आहे, छान.

सेरामाइडचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा पैसा त्याच नावावर गेला. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. या स्निग्ध पदार्थांत वजनाने सुमारे निम्मे सेरामाइड, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल आणि बाकीच्यांत मुख्यतः मुक्त फॅटी ॲसिड. तिघं मिळून थरावर थर रचतात तेव्हा पाणी आत टिकतं. क्रीममधून सेरामाइड द्यायचंच असेल तर सोबतीला कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड असलेलं बरं. तुमच्या यादीत सेरामाइड एनपी एकटंच आहे. काही याद्यांत सोडियम लॉरॉइल लॅक्टिलेट, सेरामाइड एनपी, सेरामाइड एपी, फायटोस्फिंगोसिन, कोलेस्टेरॉल, झँथन गम, कार्बोमर, सेरामाइड ईओपी अशी नावं एकापाठोपाठ, जवळजवळ त्याच क्रमाने दिसतात. हे तयार मिश्रण असतं आणि क्रीम बनवणारा ते विकत घेऊन त्यात घालतो. त्या मिश्रणात प्रत्यक्ष सेरामाइड थोडंच असतं, पण निदान त्याचे सोबती योग्य असतात. सेरामाइड हवंच असेल तर पुढच्या वेळी अशी ओळ शोधा.

दर्शनी बाजूला छापलेल्या टक्क्यांनाही भुलू नका. ‘२ टक्के हायलुरोनिक सोल्यूशन’ म्हणजे बऱ्याचदा १ टक्क्याचं द्रावण २ टक्के घातलेलं. हिशेब केला तर प्रत्यक्ष हायलुरोनेट भरतं ०.०२ टक्के. ‘कॉम्प्लेक्स’, ‘ब्लेंड’, ‘सोल्यूशन’ हे शब्द टक्क्यांच्या शेजारी दिसले की आकडा कशाचा आहे ते विचारा.

आता तुमचं जुनं क्रीम. मॉइश्चरायझरची कामं तीन. पाणी धरून ठेवणं, पापुद्र्यांच्या खडबडीत कडा भरून गुळगुळीत करणं, आणि वरून झाकण घालून पाण्याची वाफ होऊ न देणं. पहिलं ग्लिसरीन, युरिया, हायलुरोनेट करतात. दुसरं सीटेअरिल अल्कोहोल, ट्रायग्लिसराइड, स्क्वालेन वगैरे. तिसऱ्यासाठी पेट्रोलेटम (म्हणजेच पेट्रोलियम जेली), मिनरल ऑइल, डायमेथिकोन, मेण, लॅनोलिन. जुन्या यादीत दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या जागी झाकण आहे, तिसऱ्या जागी ग्लिसरीन. नव्यात खरं झाकण एकही नाही. कॅप्रिलिक ट्रायग्लिसराइड हे हलकं, पटकन जिरल्यासारखं वाटणारं तेल आहे. हाताला सुखद लागतं म्हणूनच ते लोकप्रिय झालं, पण वाफ अडवण्यात ते पेट्रोलेटमच्या जवळपासही जात नाही. तेलकट त्वचेला असं क्रीम चालतं. पापुद्रे सुटलेल्या नडग्यांना ते अपुरं पडणारच. हवा फार कोरडी असेल तर नुसतं ग्लिसरीन किंवा हायलुरोनेट लावून वर काहीच न लावल्यास त्वचा उलट ताणल्यासारखी वाटते, तेही याचमुळे.

मिनरल ऑइल छिद्रं बंद करतं ही समजूत बरीचशी सशांच्या कानांवरून आली. एकेक घटक सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला लावून तिथली छिद्रं बुजतात का हे पूर्वी तपासत आणि त्यावरून ० ते ५ असे गुण देत. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा खूप लवकर प्रतिसाद देतो, आणि घटक सुटा लावणं व तयार क्रीममधून लावणं यांतही फरक पडतोच. हे गुण आजही याद्यांसोबत फिरतात. ते पाहून क्रीम निवडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सौंदर्यप्रसाधनात वापरायचं मिनरल ऑइल आणि पेट्रोलेटम शुद्ध केलेलं असतं आणि त्याची ॲलर्जी फारच विरळा.

पॅराबेनबद्दल. सगळी पॅराबेनं एका माळेची नाहीत. युरोपीय संघाने २०१४ मध्ये आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल, फेनिल, बेन्झिल आणि पेंटिल या पाच पॅराबेनांवर बंदी घातली, प्रोपिल आणि ब्युटिलची मर्यादा ०.१४ टक्क्यांवर आणली, मिथिल-इथिलला आहे तशी परवानगी ठेवली. त्वचेच्या ॲलर्जीपुरतं बोलायचं तर अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटी दरवर्षी एका ॲलर्जीकारक पदार्थाकडे लक्ष वेधते. २०१९ मध्ये तिने पॅराबेनला मुद्दाम ‘ॲलर्जी न करणारा’ म्हणून निवडलं. आणि जरा उपरोधिक गोष्ट अशी की पॅराबेन काढून त्या जागी अनेकांनी जे मिथिलआयसोथायाझोलिनोन घातलं, ते याच संस्थेच्या यादीत २०१३ साली खऱ्या अर्थाने ॲलर्जीकारक म्हणून आलं. इतक्या लोकांना त्याचा त्रास झाला की लावून ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर २०१७ पासून युरोपात बंदी आहे. हे नाव यादीत दिसलं तर डबी परत ठेवून द्या.

टिकवणारा घटकच नसलेलं क्रीम बरं, असंही वाटून घेऊ नका. ज्यात पाणी आहे आणि ज्यात रोज बोट बुडतं त्यात जंतू वाढणारच. टिकवणारं काही नको असेल तर पाणीच नसलेलं मलम घ्या. पेट्रोलियम जेली त्याचं सोपं उदाहरण.

जुन्या यादीतलं शेवटचं सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, वाचून दचकला असाल. कार्बोमर आम्लधर्मी असतो. तो घट्ट होण्यासाठी त्याचं आम्ल मारावं लागतं, तेवढ्यापुरता चिमूटभर सोडा पडतो आणि त्या अभिक्रियेत संपूनही जातो.

यादी वाचताना नावातल्या साम्याने फार घोटाळे होतात. सीटेअरिल, सीटिल, स्टिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे पांढरे खडे असतात, त्वचा मऊ करतात. कोरडं पाडतं ते अल्कोहोल डिनॅट, म्हणजे उडून जाणारं स्पिरिट, आणि तेही यादीत वरच्या पाचांत असेल तर. ‘इमिडाझोलिडिनिल युरिया’ यात युरिया शब्द आहे, पण हा ओलावा देणारा युरिया नव्हे. तो टिकवणारा घटक आहे आणि हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडतो. डीएमडीएम हायडँटोइन आणि क्वाटर्नियम-१५ हीही त्याच घराण्यातली. सोडियम लॉरॉइल लॅक्टिलेट निरुपद्रवी, पण सोडियम लॉरिल सल्फेट हे फेसाचं द्रव्य. अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये त्याचं काम नाही. ‘अ‍ॅक्वियस क्रीम’ नावाचं जुनं मलम ब्रिटनमध्ये याच कारणाने बदनाम झालं. तिथल्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये इशारा दिला की एक्झिमा असलेल्यांना, विशेषतः मुलांना, ते लावून ठेवल्याने चुरचुरू शकतं.

आता तुमच्या खाजेचा संशयित. चुरचुर आणि खाज या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. लावल्याबरोबर चुरचुरून पाच-दहा मिनिटांत थांबतं, तेव्हा सहसा त्वचेचा वरचा थर फुटलेला असतो आणि आत काहीतरी झोंबतं. जुनं क्रीम सोडल्यावर झाकण गेलं, थर फुटला, हे सरळ जुळतं. पण दिवसचे दिवस राहणारी, पापण्यांवर आलेली खाज ॲलर्जीची वाटते, आणि ॲलर्जी लागलीच येत नाही, संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून आज कशामुळे खाजतंय ते आज काय लावलं यावरून कळत नाही.

यादीत पहिला संशय परफ्युमवर, लॅव्हेंडर तेलावर आणि शेवटच्या दोन नावांवर. लिनालूल आणि लिमोनीन हे सुगंधातलेच घटक. लावून ठेवायच्या प्रसाधनात ते ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असतील तर युरोपात नावाने लिहावे लागतात. ताजे असताना ते तसे सौम्य असतात, पण हवेशी संपर्क येऊन त्यांचं ऑक्सिडेशन झालं की तयार होणारे पदार्थ ॲलर्जी करू शकतात. रोज झाकण उघडून बोट बुडवायची, दोन महिने चाललेली डबी यासाठी अगदी अनुकूल. इथेच यादी वाचायची खुबी आहे. ओलावा मिळेल का हे पाहायला रेघेच्या वर बघा, त्रास होईल का हे पाहायला खाली. ॲलर्जीला १ टक्काही लागत नाही.

‘हायपोॲलर्जेनिक’ आणि ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं’ या शब्दांना सगळीकडे लागू होईल अशी पक्की कायदेशीर व्याख्या नाही. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्यात वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. यादीत परफ्युम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द नसणं, आणि सुगंधी तेलांचीही नावं नसणं, एवढंच बघा.

खात्री करायची असेल तर पापण्या पूर्ण शांत झाल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, घरी एक चाचणी करता येते. कोपराच्या घडीच्या जरा खाली, हाताच्या आतल्या बाजूला पेनने पाच सेंटिमीटरचा चौकोन आखा. त्यात दिवसातून दोनदा नवं क्रीम थोडं चोळा. सात दिवस रोज, काहीच नाही झालं तर चौदा दिवसांपर्यंत. त्या भागात दुसरं काही लावू नका. चौकोनात लाली, खाज किंवा बारीक पुरळ आलं की थांबवा. एकदाच लावून दुसऱ्या दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणणं ही चाचणी नव्हे, वर सांगितल्याप्रमाणे ॲलर्जी उशिरा येते. पुरळ आलं तर नेमका घटक शोधायचं काम डॉक्टरांकडच्या पॅच टेस्टचं. त्यात पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि नंतर पुन्हा ७२ ते ९६ तासांनी बघतात. तिथे डबी आणि खोका दोन्ही घेऊन जा.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते ‘बरं’ वाटलेलं वाक्य. ५० ग्रॅमची डबी दोन महिन्यांत निम्मीही संपली नाही, हीच नडग्यांची अर्धी तक्रार आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. एका पायाला, पाऊल सोडून, अशा सहा रेघा लागतात, एका हाताला, पंजा सोडून, तीन. दोन्ही पाय आणि दोन्ही हात मिळून अठरा, म्हणजे ९ ग्रॅम. रोज एकदाच लावलं तरी तुमची डबी सहा दिवसांत संपायला हवी होती. दोन महिन्यांत २५ ग्रॅम म्हणजे दिवसाला ०.४ ग्रॅम, तेही चेहरा धरून. इतक्या कमी प्रमाणात जगातलं कोणतंही क्रीम नडग्यांवर चालणार नाही, यादी कितीही चांगली असो.

म्हणून नडग्यांसाठी जुनंच क्रीम मोठ्या डबीत किंवा पंप असलेल्या बाटलीत घ्या. अंघोळीनंतर टॉवेलने नुसतं टिपा, चोळू नका, आणि तीन मिनिटांच्या आत त्वचा ओलसर असतानाच लावा. रात्री पुन्हा एकदा. दोन आठवड्यांत पापुद्रे कमी झाले नाहीत तर नडग्यांपुरतं ५ ते १० टक्के युरिया असलेलं, बिनवासाचं क्रीम सुरू करा. ते फुटलेल्या किंवा ओरखडलेल्या जागी झोंबतं, म्हणून तिथे आधी दोन दिवस पेट्रोलियम जेली लावून जागा भरून येऊ द्या. एक सावधगिरी. पेट्रोलेटम आणि तत्सम तेलं कपड्यांत, चादरीत मुरून वाळली की ते कापड आगीच्या जवळ लवकर पेट घेतं आणि नेहमीच्या धुण्याने ती पूर्ण निघत नाहीत. क्रीम लावून विस्तवाजवळ जाताना भान ठेवा.

चेहऱ्यालाही सध्या जुनंच, पण पातळ. ते जड वाटत असेल तर पापण्या शांत झाल्यावर ग्लिसरीन आणि डायमेथिकोन वरच्या पाचांत असलेलं, सुगंध नसलेलं हलकं क्रीम बघा.

उरलेल्या नव्या क्रीमचं असं करा. चाचणीच्या चौकोनात पुरळ आलं तर टाचांवर लावून संपवू असा विचारही करू नका. ॲलर्जी अंगभर असते, टाचेला लावलेलं बोटांवाटे पुन्हा पापणीवर जाईल. टाकून द्या, खोका मात्र ठेवा. चौदा दिवसांत काहीच झालं नाही, तर डबीच्या तळाशी उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ६ किंवा १२ असा महिन्यांचा आकडा असेल तो बघा, आणि त्या मुदतीत पायांवर संपवा. नऊ ग्रॅमच्या हिशेबाने फार दिवस पुरणार नाही.